पत्ता नसलेल्यांचं वर्ष

२०२४ मधला माझा सगळ्यात आवडता प्रसंग एका कुकरचा आहे. भात शिजवायचा, विजेवरचा, लालभडक कुकर. मुंबईतल्या एका इस्पितळात काम करणाऱ्या प्रभा नावाच्या मल्याळी नर्सच्या घरी तो पार्सलने येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. फक्त जर्मनीत बनल्याची खूण. प्रभाचा नवरा जर्मनीत असतो. लग्न झालं, तो गेला, काही दिवस फोन येत राहिले, मग तेही थांबले. कुकर ती आधी नजरेआड ठेवून देते. एका रात्री मात्र बाहेर काढते, फरशीवर बसते आणि त्याला पोटाशी घट्ट धरते. एक शब्द नाही. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मधला हा प्रसंग संपतोही लगेच. पण डिसेंबरअखेर आवडत्या चित्रपटांची यादी करायला बसले, तेव्हा बाकीचे सगळे चित्रपट मी या कुकरशी ताडून पाहू लागले.

यादीची खोड जुनी आहे. नियम एकच: चांगला आणि आवडता यांची गल्लत करायची नाही. चांगला कोणता ते ठरवायला परीक्षक आहेत, आणि ते त्यांचं काम मन लावून करत असतात. आवडता तो, ज्याच्याबद्दल पंधरवडा उलटला तरी आपण समोरच्याला, त्याने विचारलेलं नसताना, सांगत असतो. या हिशेबाने २०२४ ची जी नावं वहीत उतरली, ती पाहून माझं मलाच नवल वाटलं. भाषा निरनिराळ्या, प्रांत निरनिराळे, दोन चित्रपट तर जुनेच, नव्याने लागलेले. पण जवळजवळ प्रत्येकात कुणाचं तरी घर गेलेलं आहे किंवा जाणार आहे, नाहीतर ते कुठे आहे हेच त्या माणसाला सांगता येत नाही. ठरवून काही निवडलं नव्हतं. वर्षच तसं निघालं, की मी ज्या शहरात राहते ते शहर मला हेच बघायला लावतं, कोण जाणे.

प्रभाच्याच इस्पितळात पार्वती स्वयंपाक करते. नवरा वारलेला. ज्या खोलीत तिचा संसार झाला ती बिल्डरला हवी आहे, आणि ती खोली आपली आहे असं म्हणणारा एकही कागद तिच्यापाशी नाही. छाया कदम यांनी ही पार्वती रडकी केलेली नाही. ती चिडते, टोमणे मारते, थकते, आणि एका क्षणी हिशेब करून टाकते, की आता पुरे, गावी जायचं. गाव रत्नागिरीकडचं.

परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. आमच्या घरी भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं आणि मतदार यादीतल्या पानाची झेरॉक्स असं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत असे, आणि ती पिशवी कपाटाच्या चोरकप्प्यात, मंगळसूत्राच्याही आत. चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा आई भांडीकुंडी आमच्यावर सोडून आधी ती पिशवी काखोटीला मारून खाली उतरली. त्या पिशवीने आम्हाला पुढची खोली मिळवून दिली. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना मिळाली नाही, कारण पावती दिराच्या नावावर होती आणि दीर बोलायला तयार नव्हता. काकू चिपळूणच्या पुढे कुठेशा गेल्या. त्यांचं पुढे काय झालं ते आम्ही कधी विचारलं नाही. पडद्यावर पार्वती सामान बांधत होती तेव्हा मला तिच्यापेक्षा काकू जास्त दिसत होत्या, आणि यात चित्रपटाचा अपमान आहे असं मला वाटत नाही.

हा चित्रपट मी लोअर परळला पाहिला, गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले होते, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. कामगार पांगले, भोंगे थांबले, चिमण्या पडल्या, जमिनीला भाव आला. त्या भावाच्या जमिनीवर, गार हवेत, आम्ही वीस-पंचवीस जण बसलो होतो. पडद्यावर पार्वती आणि प्रभा अंधारात बिल्डरच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर दगड भिरकावतात. उंची राहणी हा मोजक्या भाग्यवंतांचाच हक्क आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्यावर इंग्रजीत लिहिलेलं आहे. आमच्यातल्या एकाने टाळी वाजवली. मला हसू आलं. तसल्याच फलकामागून उगवलेल्या इमारतीच्या पोटात, तिकिटाला चांगले पैसे मोजून, आम्ही तो दगड बघत होतो.

पहिला अर्धा भाग निळा, पावसाळी, रात्रीचा. लोकलचे डबे, खिडक्यांतले दिवे, भाजीबाजारातली लगबग, आणि त्यावर वेगवेगळ्या भाषांत बोलणारे आवाज, ज्यांना या शहराला आपलं म्हणायची अजून भीती वाटते. रणबीर दास यांच्या कॅमेऱ्याने दाखवलेली ही मुंबई पर्यटकांची नाही आणि गुंडांचीही नाही. ती ड्युटी संपवून घरी निघालेल्यांची आहे. कोकणात पोचल्यावर चित्रपटात ऊन येतं. तिथे मात्र तो माझ्या हातून थोडा निसटला. बुडता बुडता वाचलेल्या माणसात प्रभाला आपला नवरा दिसतो, तो भाग पुष्कळांना फार भावला. मला तिथे दिग्दर्शिकेचा हात दिसला. कुकरच्या वेळी दिसला नव्हता.

मे महिन्यात कानच्या महोत्सवात या चित्रपटाला ग्राँ प्री मिळाली. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तोच मुळी ३० वर्षांनी. याआधी १९९४ मध्ये शाजी करुण यांचा 'स्वाहम' गेला होता. छाया कदम तिथे आपल्या दिवंगत आईची साडी नेसून आणि तिचीच नथ घालून गेल्या. मुलाखती, फोटो, झगमगाट यांच्या ढिगाऱ्यातून माझ्या लक्षात राहिली ती ती नथ. पुढे ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका निवडताना फिल्म फेडरेशनने मात्र वेगळं नाव काढलं, आणि फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, की हा चित्रपट बघताना निवड समितीला भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहिल्यासारखं वाटलं. मुंबईच्या भाजीबाजारात सुरू होणारा, मल्याळम, हिंदी आणि मराठी बोलणारा, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर संपणारा चित्रपट युरोपीय! म्हणजे पार्वतीला खोलीचा कागद मिळाला नाही, आणि तिच्या चित्रपटाला नागरिकत्वाचा.

निवडला गेला तो 'लापता लेडीज'. त्यावरून पुष्कळ वादावादी झाली. मला दोन्ही आवडले, त्यामुळे भांडणात घ्यायला बाजूच उरली नाही. किरण राव यांच्या या चित्रपटातली फूल ही नवी नवरी रेल्वेत मागे राहते, कारण घुंगटामुळे नवरा भलत्याच नवरीला, जयाला, घेऊन उतरतो. तिला सासरच्या गावाचं नाव माहीत नाही. कुठल्याशा फुलाचं नाव होतं एवढंच आठवतं. नवऱ्याजवळचा एकुलता एक फोटो, त्यातही चेहरा घुंगटात. २००१ सालातल्या, निर्मल प्रदेश नावाच्या काल्पनिक राज्यातली ही गोष्ट गंमतीगंमतीत सांगितली आहे. पण गंमत जरा बाजूला करून पाहिलं तर एक धडधाकट मुलगी आपण कुठून आलो आणि कुठे निघालो हे सांगू शकत नाही, आणि तिला तसं घडवण्यासाठी दोन घरांनी कष्ट घेतले आहेत.

इथेही छाया कदम आहेतच. फलाटावर चहा-भज्यांची टपरी चालवणारी मंजू माई. नवरा आणि मुलगा दोघांनाही तिने घराबाहेर काढलेलं आहे, आणि एकटीचं राहणं तिला रुचलेलं आहे. माझ्या आईने हा चित्रपट टीव्हीवर पाहिला. तिला जया फारशी पटली नाही ("शिकायचंय तर सरळ सांगायचं ना"), दरोगा झालेले रवी किशन भयंकर आवडले, आणि मंजू माई पडद्यावर आली की ती विणकाम थांबवायची. शेवटी म्हणाली, "ही बाई कुठल्या फलाटावर असते ते कळायला पाहिजे होतं गं आम्हाला." आईच्या पिढीतून आलेलं इतकं नेमकं परीक्षण मी वर्षभरात दुसरं ऐकलं नाही.

'फँड्री'मधली जब्याची आई, 'सैराट'मधली आक्का, 'न्यूड', आणि आता एकाच वर्षात हे दोन चित्रपट, शिवाय 'मडगाव एक्सप्रेस'मधली ती धमाल कंचन कोंबडी. नायिकेचं नाव पोस्टरवर वेगळंच असतं, पण २०२४ हे वर्ष छाया कदम यांचं होतं, याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये.

दक्षिणेकडे मात्र पत्ता हरवण्याचे प्रकार निराळे आहेत. क्रिस्टो टॉमी यांचा 'उळ्ळोळुक्कु' केरळमधल्या कुट्टनाडात घडतो, जिथे समुद्रसपाटीच्या खाली भाताची शेती करतात आणि पावसाळ्यात पाणी घरात येणं ही बातमी नसते. घरातला मुलगा आजारपणात जातो. त्याला घराण्याच्याच थडग्यात, बापाशेजारी पुरायचं असा आईचा हट्ट. पण पूर आलेला, दफनभूमी पाण्याखाली. पाणी ओसरेपर्यंत थांबायचं. मृतदेह थांबतो, नातेवाईक थांबतात, आणि पाण्यात पाय बुडवून सासू-सून एकाच घरात थांबतात. या थांबण्यात एकेक खोटं तरंगत वर येतं. सुनेच्या पोटात मूल आहे आणि ते नवऱ्याचं नाही. सासूनेही लग्नाआधी मुलाचं आजारपण लपवलेलं होतं. कोण कुणाला क्षमा करणार?

उर्वशी यांनी केलेली ती सासू, लीलाम्मा, मी विसरणं शक्य नाही. सुनेकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर आधी माया, मग संशय, मग हिशेब, आणि हिशेबाखाली पुन्हा माया, असं एकाच दृश्यात येऊन जातं. सून झालेली पार्वती तिरुवोतु समोर तितकीच तोलाची आहे, आणि तिने ओरडण्याच्या जागा शांतपणे सोडून दिल्या आहेत. आपल्याकडे सासू-सुनेवर हजारो भागांच्या मालिका निघाल्या. त्या सगळ्यांत मिळून जेवढं आहे त्याहून जास्त या दोन तासांत आहे. सूर मारून म्हणायचं तर वर्षातला सगळ्यात उत्तम अभिनय मी या पाण्याने भरलेल्या घरात पाहिला.

'मेइयळगन' तमिळ. '९६' करणाऱ्या प्रेमकुमार यांचा. भाऊबंदकीत तंजावरचं वडिलोपार्जित घर गमावून १९९६ मध्ये चेन्नईला गेलेला अरुल (अरविंद स्वामी) २२ वर्षांनी चुलत बहिणीच्या लग्नासाठी नाइलाजाने परत येतो. मंगल कार्यालयात तोंड दाखवायचं, आहेर द्यायचा, रात्रीच्या बसने परत, एवढाच बेत. पण एक तरुण नातेवाईक (कार्ती) त्याला असा काही चिकटतो की विचारू नका. त्याला अरुलचं सगळं बालपण पाठ आहे, आणि अरुलला त्याचं साधं नावही आठवत नाही. विचारायची सोय उरत नाही, कारण तोवर त्याच्याच घरी जेवण झालेलं असतं. लग्नकार्यात आपल्यावर ही वेळ कुणावर आलेली नाही? आपण "हो हो, ओळखलं की" म्हणतो आणि बायकोकडे बघतो किंवा नवऱ्याकडे. या फजितीवर प्रेमकुमार यांनी जवळजवळ तीन तासांचा चित्रपट उभा केला. प्रदर्शनानंतर आठवड्याभरात त्यातली सुमारे १८ मिनिटं कापली, कारण लांब होतो अशी ओरड झाली. लांब आहेच. दोन माणसं रात्रभर बोलतात, बिअर पितात, चोळांचा इतिहास काढतात, सापाची गोष्ट निघते. पण गावाकडच्या गप्पांना कात्री लावून काय उरणार? घर सोडताना अरुलने मागे टाकलेली जुनी सायकल त्या माणसाच्या घरात जपून ठेवलेली असते, आणि त्या सायकलने त्या घराचं नशीब कसं पालटलं हे तो सांगतो. तो भाग कापायची कुणाची हिंमत झाली नाही, हे बरं.

विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' मला आवडला, पण यादीत नाही. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणारा तो हिरायामा, त्याच्या कॅसेट, त्याची झाडं, कोजी याकुशोचा शेवटचा तो लांबलचक चेहरा, सगळं मान्य. पण त्याचं एकटेपण फार नीटनेटकं आहे, आणि स्वच्छतागृहंही नामांकित वास्तुकारांनी बांधलेली. तोच माणूस आमच्या स्टेशनवर आणून दाखवा, मग बघू. 'मंजुम्मेल बॉइज'ही राहिला. खड्ड्यात पडलेल्या मित्रासाठी जीव मुठीत धरून बसले होते खरी, पण पंधरवड्यानंतर त्याच्याविषयी कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही. मराठीत 'नाच गं घुमा' बघताना मजा आली, आणि नम्रता संभेरावने केलेली आशाताई त्या मजेहून मोठी आहे.

आता जुने दोन. 'तुंबाड' १३ सप्टेंबरला पुन्हा लागला आणि २०१८ पेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. पहिल्या खेपेला मी तो अर्ध्या रिकाम्या थिएटरात पाहिला होता; या वेळी कॉलेजची पोरं आधीच पाठ असलेल्या दृश्यांची वाट बघत बसली होती. नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलेल्यांना त्यातल्या वाड्याची हवा ओळखीची वाटते, आणि दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव. पण या वर्षीच्या माझ्या नजरेला त्यात राक्षसापेक्षा वाडाच जास्त दिसला. पुण्याला पोचलेला विनायक ज्या वाड्याने घरातली माणसं खाल्ली त्याच वाड्याकडे पुन्हा पुन्हा जातो, आणि देश स्वतंत्र झाल्यावर वाडा सरकारजमा होणार म्हटल्यावर त्याचा जीव कासावीस होतो. वाडा जातोय याचं दुःख, की वाड्याच्या पोटातलं सोनं जातंय याचं? कोकण-देशावरच्या कितीतरी भाऊबंदक्यांना हा प्रश्न विचारता येईल. माणसं गेल्यावरही खटला चालू राहतो.

दुसरा 'मंथन'. १९७६ चा, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने उजळला, कानमध्ये दाखवला आणि जूनच्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या थिएटरांत आणला. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि कॅमेरा गोविंद निहलानींचा, त्यामुळे आम्ही तो अर्धा आपलाच समजतो. स्मिता पाटील पडद्यावर आली तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. इथेही वस्ती जळते, आणि बाहेरून आलेला डॉक्टर राव शेवटी बाहेरच निघून जातो. गावात राहायचं असतं ते गावाला. 'मंथन'चे दिग्दर्शक श्याम बेनेगल २३ डिसेंबरला गेले. त्यांचा एक चित्रपट त्याच वर्षी थिएटरात, अनोळखी माणसांच्या गर्दीत, पाहायला मिळाला हे आमचं नशीब.

शेवटी 'पाणी'. नांदेड जिल्ह्यातलं नागदरवाडी. गावात पाणी नाही म्हणून मुली द्यायला कुणी तयार नाही, तरणी पोरं गाव सोडून चाललेली. हनुमंत केंद्रे या तरुणाने तिथे पाणी अडवलं, जिरवलं, त्याची ही खरी गोष्ट. मुलीचा बाप स्थळाचा पत्ता ऐकतो आणि नाही म्हणतो. मुलगा कसा आहे हा प्रश्न त्यानंतरचा. आदिनाथ कोठारे यांनी स्वतःच हनुमंत केला आहे आणि दिग्दर्शनही. गाणी जरा जास्त गोड आहेत. पण गावकऱ्यांच्या सभेतली शांतता, आणि एकेकाने कुदळ उचलायला लावलेला वेळ, हे त्यांनी घाई न करता दाखवलं आहे.

या चित्रपटाला २०१८ साठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. पुरस्कार २०१९ मध्ये जाहीर झाले. चित्रपट थिएटरात लागला १८ ऑक्टोबर २०२४ ला. मधली पाच वर्षं एक राष्ट्रीय पुरस्कारविजेता मराठी चित्रपट बिनपत्त्याचा हिंडत होता. आणि लागला तेव्हाही आमच्या भागात खेळ कुठला, तर दुपारी साडेबाराचा. नोकरी करणाऱ्याने, शेती करणाऱ्याने, घर सांभाळणारीने त्या वेळी कसं जायचं? मी रजा टाकून गेले. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन जावं म्हणून पाहिलं, तर तोही खेळ काढलेला.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' ३ जानेवारी २०२५ ला हॉटस्टारवर आला, 'लापता लेडीज' आणि 'मेइयळगन' नेटफ्लिक्सवर आहेत. ते कुठे पळून जात नाहीत. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' मात्र २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार घेऊन आला, आणि आपल्या थिएटरांत पोचायला त्याला मार्च २०२५ उजाडला. विदर्भातल्या गावात मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमांची गोष्ट आहे म्हणतात. असा चित्रपट लागेल तेव्हा पहिल्याच शनिवारी जा, जमलं तर शुक्रवारीच. दुसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका. मराठी चित्रपटाला तो मिळतोच असं नाही.